रोज एक शब्द, रोज एक फोटो : सांगलीकरांचा फेब्रुवारी

काठावरची | १ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

मंडळी, ठरल्याप्रमाणे धागा काढतेय. भडंगाच्या रिकाम्या डब्यात २८ चिठ्ठ्या आहेत. निम्मे शब्द मी लिहिलेत, निम्मे सासूबाईंनी. त्यामुळे ‘एकांत’, ‘उंबरठा’ असलं काही निघालं तर ते माझं, आणि ‘झाकण’, ‘भोक’ निघालं तर त्यांचं. रोज सहाला एक चिठ्ठी उघडून शब्द इथं टाकीन. रात्री बारापर्यंत त्या शब्दावर त्याच दिवशी काढलेला फोटो टाकायचा. गॅलरीतला मागच्या वर्षीच्या गणपतीचा फोटो चालणार नाही, मी ओळखते तुम्हाला. फोटोवर पुढं काय काय केलंत ते एका ओळीत प्रामाणिकपणे लिहायचं. बक्षीस नाही, मतदान नाही.

आजचा शब्द: काठ

नवखा_सांगलीवाडी | १ फेब्रुवारी, ८:४०

ताई, माझ्याकडं कॅमेरा नाही, साधा मोबाईल आहे. चालेल का? आणि एडिटिंगला कुठलं ॲप घेऊ?

काठावरची | १ फेब्रुवारी, ९:१५

अरे, इथं बहुतेकांचा मोबाईलच आहे. स्नॅपसीड घे, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. पण त्याआधी लेन्स पूस. खिशातल्या धुळीनं आणि बोटांच्या तेलानं फोटो दुधाळ येतात, आणि लोक तासभर काँट्रास्ट वाढवत बसतात. पदर, रुमाल, काहीही चालेल.

अजून दोन गोष्टी. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवून मग इथं चढवू नकोस, तिथं फोटोचा चोथा होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि घरातला फोटो असेल तर कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेव, नाहीतर फोटोसोबत घराचा पत्ताही गावभर जातो.

पुण्यात_अडकलेला | १ फेब्रुवारी, रात्री ११:५२

इथं ना कृष्णा, ना घाट. खोलीत ब्रेड होता. कडा कापून ताटलीत उभ्या केल्या, शेजारी टेबललॅम्प. एडिट: क्रॉप, बास. कडा नंतर चहात बुडवून खाल्ल्या.

काठावरची | २ फेब्रुवारी, ६:०२

ब्रेडचा काठ मला माझ्या फोटोपेक्षा आवडला, हे मनापासून. मी आयर्विन पुलाजवळ जाऊन पाण्याच्या पातळीचे आकडे टिपले. इशारा ४० फूट, धोका ४५. पावसाळ्यात सगळी सांगली ज्या आकड्यांवर झोपते-उठते, त्यांच्याखाली आत्ता एक म्हैस निवांत बसली होती. फोटो तिरका आला होता, सरळ केला. सरळ करताना म्हशीचं शेपूट कापलं गेलं. तिची माफी मागते.

सगळेच नदीवर पळाले हे मात्र खरं. घाटावर वाळत घातलेल्या साडीचा काठ आणि मागं नदीचा काठ, हे एकट्या तासगावकरीणला सुचलं. शब्द वाचल्यावर पहिल्यांदा जे डोक्यात येतं ते सोडून द्या, दुसरंही सोडा, तिसऱ्याचा फोटो काढा.

लालदिवा | ४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:२०

आजचा शब्द शून्य. दिवसभर काही सुचेना. मग मिरजेत सतारमेकर गल्लीतून चाललो होतो आणि वर बघितलं तर एका कारखान्यात शून्यंच शून्यं टांगलेली! वाळलेले भोपळे, सतारीचे आणि तंबोऱ्याचे. शाळेत गणितात मला जेवढे मिळाले त्याहून जास्त.

आत एका दारातून येणारा उजेड, बाकी अंधार. मोबाईलला असला अंधार सहन होत नाही, तो सगळं उजळून सपाट करतो. म्हणून दारालगतच्या सगळ्यात उजळ भोपळ्यावर बोट दाबून धरलं, फोकस आणि उजेड कुलूपबंद केला, आणि सूर्याची खूण खाली ओढली. मागचे भोपळे काळोखात गेले तर जाऊ देत. एडिट: कृष्णधवल केला, भिंतीवरचं कॅलेंडर क्रॉप करून बाहेर.

हळदवाला | ४ फेब्रुवारी, ८:०५

काका, दंडवत. शून्याला भोपळा! मी मोकळं ताट काढून बसलो होतो, टाकतच नाही आता.

अजिंक्यताऱ्याखालचा | ४ फेब्रुवारी, ८:३०

साताऱ्याहून रीतसर जळफळाट. आमच्याकडं गोल म्हणजे कंदी पेढा, पण तो शून्य म्हणायला जीव होत नाही. काका, हे भोपळे मिरजेतच पिकतात का?

लालदिवा | ४ फेब्रुवारी, ९:१०

नाही, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. खायचा भोपळा वेगळा, हा कडू आणि जाड सालीचा. वेलावर असतानाच त्याचा आकार बघून हा सतारीला, हा तंबोऱ्याला, असं जाणकार ठरवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गल्लीत फोटो काढताना आधी विचारा मात्र. जवारी लावणारा, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर जुळवणारा माणूस कानानं काम करत असतो, त्यात तुमच्या मोबाईलचा खटका नको. आवाज बंद ठेवा.

काठावरची | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

चार दिवस मी फक्त शब्द टाकून पळत होते, दहावीचे पेपर तपासणं चालू आहे. सराव परीक्षेचे, घाबरू नका.

आजचा शब्द खोल. हळदवाल्यांनी हरिपूरचं पेव टाकलंय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीवर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत घागरीसारखं फुगत गेलेलं पोट. यात हळद साठवायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. साताऱ्याचे दादा लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर गेले. विहीर ११० फूट खोल आणि मोटा बारा नाही, पंधरा चालतील अशी सोय! फोटो सुंदर आहे, पण वरून काढलाय आणि विहीर वाटी दिसतेय. खोली दाखवायला खाली काहीतरी ओळखीचं लागतं. माणूस, कबुतर, निदान एक बादली.

हळदवाला | ९ फेब्रुवारी, ११:०५

पेवाचा फोटो वरूनच घेतलाय, आत उतरलो न्हाई. बंद पेवात हवा वाईट असते. उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग जाणकार माणूस उतरतो. फोटोपायी कुणी डोकं घालायचं न्हाई. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, तवापासून पेवं कमीच झाली. ‘पेव फुटणे’ म्हणून तुमी वाक्यात उपयोग करता, आमच्या आज्याची खरोखरची फुटलेली.

नवखा_सांगलीवाडी | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१५

आजचा शब्द पिवळा! मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलो होतो. पहिला फोटो अगदी मातकट आला, म्हणून स्नॅपसीडमध्ये रंग गडद करणारं सॅच्युरेशन +८०, ॲम्बियन्सही +६०. आता कसा वाटतोय?

पुण्यात_अडकलेला | ११ फेब्रुवारी, १:४०

आग भावा! वॉलपेपर केला.

हळदवाला | ११ फेब्रुवारी, ३:२५

बाळा, वाईट वाटून घेऊ नको. पण असला माल माझ्या अडतीवर आला तर मी पोतं उघडं करून विचारीन, रंग चढवलाय का?

यार्डात येती ती हळकुंडं, भुकटी न्हाई. वरनं ती मातकटच असतात, तुझा पहिला फोटो बरोबर होता. शेतात शिजवतात, वाळवतात, मग पॉलिशच्या ड्रमात फिरवतात. त्यात वरची साल आणि मुळ्या जातात, अंगाला चकाकी येती. खरा रंग आत. म्हणून घेणारा हळकुंड घेतो आणि कटकन मोडतो. चांगलं वाळलेलं असलं तर धातूवाणी आवाज येतो, आणि आतला केशरी रंग दिसतो. तू ते मोडलेलं हळकुंड का टिपलं न्हाईस?

माझं म्हणणं एवढंच. पॉलिश करा, कितीबी करा. रंग चढवू नका. आमच्या धंद्यात पहिल्याला प्रक्रिया म्हणतात आणि दुसऱ्याला भेसळ. सांगलीच्या हळदीला २०१८ ला मानांकन मिळालंय ते उगाच न्हाई.

काठावरची | ११ फेब्रुवारी, ४:३०

ही फूटपट्टी मला फार आवडली. तांत्रिक बाजू मी सांगते, कारण इथं मोबाईल दोनदा फसतो.

एक, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं. चौकटभर पिवळंच असलं की ऑटोला वाटतं बल्बचा उजेड आहे, म्हणून तो निळसर झाक मिसळून पिवळा मारतो. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये जाऊन ‘डेलाइट’वर ठेव. ते नसेल तर चौकटीत काहीतरी पांढरं येऊ दे. यार्डात पांढऱ्या टोप्यांना काय तोटा!

दोन, सॅच्युरेशन. पडद्यावरचा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, निळा जवळजवळ नाहीच. प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा. तू +८० केलंस तेव्हा लाल वर जाऊन छताला टेकला, निळा जमिनीला. मग हळकुंडावरच्या वळ्या, गाठी दाखवायला फरकच उरला नाही. झूम करून बघ, ढीग नाही, पिवळं प्लास्टिक आहे. उलट कर. काढतानाच उजेड थोडा कमी घे, सॅच्युरेशनला हात लावू नकोस, बारीक पोत उठवणारं ‘स्ट्रक्चर’ +१५ दे. आणि सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात जा. दुपारी बाराच्या उन्हात हळदच काय, माणसंही सपाट दिसतात.

लालदिवा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पॉलिश आणि रंग. वाचायला छान आहे, पण चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसाला ही रेघ इतकी सरळ दिसत नाही.

आम्ही निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवायचो. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल, तिथं प्रिंट उजळ. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं बुजायचं. कृष्णधवल प्रिंटवर ओठांना, साडीला रंग भरायचो. साडी कुठल्या रंगाची होती ते कुणाला आठवतंय? गिऱ्हाईक म्हणेल तो रंग. लाल दिव्याखाली प्रिंट करताना हाताची सावली धरून चेहरा उजळ करायचा, आभाळ जास्त वेळ उघडं ठेवून गडद करायचं. फोटोचा तेवढाच भाग बदलायचं हे तुमचं ‘सिलेक्टिव्ह’ आम्ही तळहातानं करत होतो.

आणि लग्नाच्या मुलींचे फोटो. बाप हळूच सांगायचा, ‘जरा एक घर उजळ करा.’ करायचो. पाच रुपये जादा घ्यायचो. हळदवाले, ते पॉलिश होतं की भेसळ, मला आजही ठरवता येत नाही. ठरवायचं नाहीये, असंही असेल.

तासगावकरीण | ११ फेब्रुवारी, १०:२०

काका, माझाही तसलाच एक फोटो आहे. लग्नानंतर सासरच्यांनी उन्हात बघितलं तेव्हा काय झालं ते विचारू नका. झालं ते झालं, आता तीन एकर द्राक्षं मीच बघते. :)

हळदवाला | ११ फेब्रुवारी, १०:४५

वहिनी, काका, तुमच्यापुढं बोलणार न्हाई. हळदीपुरतं बोललो.

नवखा_सांगलीवाडी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

परत गेलो. डेलाइट, उजेड कमी, एकानं मोडलेली दोन हळकुंडं तळहातावर धरली. आजचा शब्द ‘पिवळा’ नाही हे माहीत आहे, तरी टाकतोय.

काठावरची | १२ फेब्रुवारी, ९:००

नियम मोडलास, फोटो राहू दे. त्या तळव्याच्या रेघांत भरलेली हळद बघा, लोकहो. आज एकही स्लायडर वाढवलेला नाही.

तासगावकरीण | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

आजचा शब्द सावली. आमच्याकडं सध्या सावलीचाच धंदा: बेदाणा शेड. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळीच्या मजल्यांवर पसरली आहेत, पंधरा-वीस दिवस वाळतील. ऊन थेट लागू नये म्हणून बाजूनं हिरवी शेडनेट. फोटोत सगळंच हिरवं. कामाला आलेल्या बायका काविळीतून उठल्यासारख्या दिसतायत. काय करू?

काठावरची | १३ फेब्रुवारी, ५:००

हिरवी जाळी म्हणजे हिरवा दिवाच की. व्हाइट बॅलन्समध्ये दोन पट्ट्या असतात. ‘टेंपरेचर’ निळा-पिवळा बघतं, त्याचा इथं उपयोग नाही. ‘टिंट’ जांभळ्या-गुलाबीकडं सरकव, चेहरे माणसात येईपर्यंत.

तासगावकरीण | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

केलं. बायका माणसात आल्या, पण बेदाणा तपकिरी दिसायला लागला! हे म्हणतात, ‘तो फोटो काढून टाक, कुणी व्यापाऱ्यानं बघितला तर माल काळा पडला म्हणून भाव पाडेल.’ हिरव्या मालालाच भाव असतो ना. शेवटी सिलेक्टिव्हनं फक्त चेहरे सुधारले, बेदाणा जाळीच्या कृपेनं हिरवाच ठेवला. हळदवाले भाऊजी, ही भेसळ समजायची का?

हळदवाला | १३ फेब्रुवारी, ९:५०

तुमच्याकडं बेदाण्याला गंधकाची धुरी देत्यात, ते आधी सांगा कशात बसवायचं!

अजिंक्यताऱ्याखालचा | १३ फेब्रुवारी, १०:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सांगलीत असतो तर भडंग घेऊन.

काठावरची | १७ फेब्रुवारी, ६:०१

कालच्या ‘गोड’ या शब्दाबद्दल थोडं. दहा फोटो आले, सहा गुळाचे, दोन उसाचे आणि साताऱ्याहून अर्थातच पेढा. लोकहो, पहिलं सोडा, दुसरं सोडा, हे मी दुसऱ्या तारखेला ओरडून सांगितलं होतं. पुण्याच्या पोरानं तेवढं साखरेच्या डब्याबाहेर चाललेल्या मुंग्यांच्या रांगेच्या पातळीला मोबाईल टेकवला. हॉस्टेलात राहिल्यानं डोळा सुधारतो बहुतेक.

आजचा शब्द: भिंत

नवखा_सांगलीवाडी | १७ फेब्रुवारी, रात्री ८:१५

आमच्या सोप्यातली भिंत, आजीची खुर्ची आणि सकाळचं खिडकीतून आलेलं ऊन. उजेड कमी घेतला, सॅच्युरेशनला हात लावला नाही, ताईंनी सांगितलं तसं. भिंतीवर एक मळकट आडवा पट्टा होता, लक्ष तिकडं जात होतं. ‘हीलिंग’नं बोट फिरवून काढून टाकला. एकदम स्वच्छ आला. या वेळी भेसळ नाही, नुसती सफाई!

लालदिवा | १७ फेब्रुवारी, ८:४०

ऊन उत्तम पकडलंस. पोरा, पट्टा भिंतीवर कुठून कुठवर होता?

नवखा_सांगलीवाडी | १७ फेब्रुवारी, ८:४४

अख्ख्या भिंतीभर, काका. सरळ आडवा. आजीच्या खुर्चीच्या बराच वर, माझ्या गळ्याइतका.

काठावरची | १७ फेब्रुवारी, ८:५१

सांगलीवाडीत राहतोस ना रे?

नवखा_सांगलीवाडी | १७ फेब्रुवारी, ९:३०

हो. आत्ता आजीला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘रेघ कुठं गेली?’

२०१९ ची आहे ती. पूर आला तेव्हा मी मामाकडं विट्याला होतो, लहान होतो. परत आलो तोवर घर धुऊन झालं होतं. रंग देताना आजीनं सोप्यातली तेवढी भिंत मुद्दाम राखली होती म्हणे. मी सहा वर्षं ती रोज बघतोय आणि मला वाटायचं मागच्या गोणी घासून डाग पडलाय.

हळदवाला | १७ फेब्रुवारी, ९:४२

आयर्विनला पाणी ५७ फुटाच्या वर गेलतं त्या साली. आमच्या गोदामात अजून हाय तसली रेघ. आमीबी पुसली न्हाई.

लालदिवा | १७ फेब्रुवारी, ९:५५

मूळ फोटो उडवला नाहीस ना?

नवखा_सांगलीवाडी | १७ फेब्रुवारी, १०:०२

नाही, कॉपी सेव्ह केली होती. मूळ आहे.

नवखा_सांगलीवाडी | १७ फेब्रुवारी, ११:४०

नवीन टाकतोय. आजी स्वतःहून खुर्चीत बसली, आधीच्या फोटोत ती नव्हती. ट्यूबलाइटचा उजेड आहे, सकाळचं ऊन आता कुठून आणू. रेघ तिच्या डोक्याच्या वर दिसतेय. एडिट: काही नाही. नाही, एक केलंय. रेघ फिकी येत होती, तेवढ्या पट्टीवर काँट्रास्ट थोडा वाढवलाय. हळदवाले काका, चालेल का?

हळदवाला | १७ फेब्रुवारी, ११:४४

चालेल की रं. पॉलिश हाय ते.

लालदिवा | १७ फेब्रुवारी, ११:५०

आजींना विचार, मिरजेला कधी येणार. एक प्रिंट माझ्याकडून, कागदावरची. उजळ करणार नाही.

काठावरची | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

वीस मिनिटं उशीर, माफ करा. डबा सापडत नव्हता. सासूबाईंनी चिठ्ठ्या वाटीत ओतून डब्यात मेथ्या भरल्यात. वाटीतून काढलेला आजचा शब्द: झाकण. त्यांचाच.